पुणे ते सावंतवाडी, साडेसात महिन्यांच्या बाळाला घेऊन

प्रश्न: आमची मुलगी गणपतीत साडेसात महिन्यांची होईल. सासू-सासरे सावंतवाडीजवळच्या गावात असतात. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे दोघांना बारशाला येता आलं नाही, त्यामुळे नातीला त्यांनी अजून फक्त फोनवरच पाहिलंय. सासूबाई रोज विचारतात, "नातीक घेवन कधी येतलास?" आम्ही पुण्याहून आमच्या गाडीने जाणार आहोत. नवरा म्हणतो रात्री निघू, बाळ झोपून जाईल. माझी आई म्हणते एवढ्या लहान बाळाला न्यायचंच कशाला, आणि न्यायचंच असेल तर मांडीवर घट्ट धरून बस. नेमकं काय करावं?

उत्तर:

जरूर जा. पूर्ण दिवसांचं जन्मलेलं, वजन नीट वाढत असलेलं साडेसात महिन्यांचं बाळ गाडीने कोकणात जाऊ शकतं, त्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून मला काही वावगं दिसत नाही. बाळ महिना-दीड महिन्याचं असतं, किंवा अपुऱ्या दिवसांचं आणि कमी वजनाचं असतं, तर मी तुम्हाला थांबा म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत तसं कारण नाही, आणि तिकडे दोन माणसं साडेसात महिने वाट बघत बसली आहेत. हे कारण मला औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पण आईच्या बोलण्यातला दुसरा भाग, मांडीवर घट्ट धरून बसण्याचा, त्यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. बाकी सगळं थोडंफार चुकलं तरी निभावतं. हे चुकलं तर निभावत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक नऊ महिन्यांचा मुलगा आणला होता. आई मागच्या सीटवर, बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं, वडील गाडी चालवत होते. रस्त्यात कुत्रं आडवं आलं म्हणून त्यांनी करकचून ब्रेक मारला. गाडी कशावर आदळली नाही, तिला साधा ओरखडाही नव्हता. बाळ मात्र मांडीवरून सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं आणि खाली पायाशी पडलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. बाळांचं हे हाड लवकर जुळतं, तसं ते दोन-तीन आठवड्यांत जुळलंही. पण ती आई तपासणीच्या टेबलाशी उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी घट्ट धरलं होतं हो, डॉक्टर." तिने घट्टच धरलं होतं, माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. माणसाच्या हातांना ते जमण्यासारखंच नसतं.

त्याचं गणित सोपं आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी कशावर आदळली की साधारण अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत थांबते. तेवढ्या वेळात तुमच्या आठ किलोच्या बाळाला धरून ठेवायला शंभर-दीडशे किलोचं पोतं अडवण्याइतकी ताकद लागते, आणि ती डोळ्याचं पातं लवण्याआधी लावावी लागते. हायवेवर तर आपण 80-90 ने जातो. वेग दुप्पट झाला की हा मार चौपट होतो. काहीजण आई आणि बाळ दोघांवरून एकच सीटबेल्ट ओढून घेतात, ते तर अजिबात करू नका. आदळताना आईचं सगळं वजन बाळावर येतं आणि पट्टा बाळाच्या पोटात रुततो. छातीशी बांधायची झोळी किंवा कांगारू पिशवी बाजारात फिरायला उत्तम, धावत्या गाडीत तिचा उपयोग नाही.

तेव्हा बाळासाठी कार सीट घ्या, आणि ती मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी बसवा. ह्या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. तोंड पुढे असेल तर धक्क्यात डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर पाठ, मान आणि डोकं मिळून सीटच्या पाठीत दाबलं जातं. युरोपात जो नवा नियम आहे, आर129, त्यात 15 महिन्यांपर्यंत बाळाला उलटंच बसवणं सक्तीचं आहे. आपल्याकडेही 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात, कलम 194 ब मध्ये, 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. दंडासाठी कोणी सीट घेऊ नये, पण घरातल्या मोठ्यांना "हे नवीन फॅड आहे" असं वाटत असेल तर कायद्याचं नाव सांगायला बरं पडतं. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, उलटी कार सीट कधीही ठेवायची नाही. एअरबॅग फुटली तर ती सरळ सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

सीट विकत घेताना तिच्यावरचं लेबल बघा. ईसीई आर44/04 किंवा आर129, म्हणजे युरोपातल्या सुरक्षेच्या नियमांपैकी एकाचा क्रमांक, लिहिलेला असायला हवा. नुसता पाळणा, कॅरीकॉट किंवा गादीची खुर्ची म्हणजे कार सीट नव्हे. कुणा नातेवाइकाची जुनी मिळत असेल तर तिला अपघात झालेला नाही ना, पट्टे आणि बकल धड आहेत ना, हे विचारून घ्या, आणि तळाशी मुदतीची तारीख छापलेली असते तीही पाहा. गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे कार सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक आहेत का बघा. मागच्या सीटच्या फटीत बोटं घातली की लोखंडी कडी हाताला लागते. नसतील तर सीटबेल्टने बांधता येते, फक्त पुस्तिकेत दाखवलेल्याच वाटेने पट्टा फिरवायचा.

माझ्या दवाखान्याच्या आवारात मी कितीतरी आईवडिलांच्या सीट तपासल्या आहेत, आणि दहातल्या सात-आठ सैल निघतात. तपासायची रीत सांगते. सीट बांधून झाली की जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवा. बोटभरापेक्षा जास्त हलली तर गुडघा तिच्यावर टेकवून, आपलं वजन देऊन पट्टा पुन्हा ओढा. मग बाळाला बसवा. खांद्याचे पट्टे तोंड मागे असताना खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. आता खांद्याजवळ पट्ट्याची उभी चिमूट काढून बघा. पट्टा चिमटीत आला तर तो सैल आहे, बोटं घसरून गेली तर बरोबर. आई ह्या क्षणी हमखास म्हणते, "तिला काचेल हो." नाही काचत. आणि जाड स्वेटर किंवा दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पट्ट्यात अडकवू नका. कापड दबलं की पट्टा आपोआप सैल होतो. आधी पातळ सुती झबलं, त्यावर पट्टा, आणि थंडी वाटली तर त्यावरून दुपटं.

सीट निघायच्या आदल्या दिवशी आणू नका. तीन आठवडे आधी आणा. पहिले दोन-चार दिवस ती हॉलमध्ये ठेवा, बाळाला तुमच्यासमोर जागेपणी पाच-दहा मिनिटं तिच्यात बसवून खेळवा. मग सोसायटीला एक चक्कर. मग एखाद्या रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन या. पहिल्या दोन-तीन वेळा ती रडेल. रडते म्हणून धावत्या गाडीत बाहेर काढलंत तर रडलं की बाहेर मिळतं हे ती एका फेरीत शिकेल आणि हायवेवर तेच मागेल. गाडी बाजूला घ्या, थांबा, मगच काढा. तुम्ही मागे तिच्या शेजारी बसा. गाडीत दोनच मोठे असाल तर हीच जागा तुमची, पुढे नवऱ्याच्या शेजारी नाही.

आता रात्री निघण्याचं. नवऱ्याचा हिशेब मला कळतो, रस्ता मोकळा, ऊन नाही, बाळ झोपलेलं. पण जी झोप बाळाला येते तीच पहाटे दोन ते पाच चालवणाऱ्यालाही येते, आणि तुमच्या घरात साडेसात महिने कोणाची सलग झोप झालेली नाही. दुसरं म्हणजे अंधारात तुम्हाला तिचा चेहरा दिसत नाही. सीटमध्ये गाढ झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट दबू शकते, म्हणून मान मागे कललेली आहे ना हे बघत राहावं लागतं. तिसरं, गणपतीच्या दिवसांत आंबोली घाटात रात्री धुकं आणि पाऊस दोन्ही असतात. पहाटे पाच-साडेपाचला, उजाडायच्या सुमाराला निघा. बाळाची पहाटेची झोप त्यातच होते आणि वडील ताजेतवाने असतात.

आणि एका दिवसात पोचायचा हट्ट सोडा. पावणेचारशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आहे. तुम्ही दोघंच असता तर आठ-नऊ तासांत पोचला असता. बाळाबरोबर तेच बारा-तेरा तास होतात, आणि शेवटचा भाग घाटाचा, जेव्हा सगळे वैतागलेले असतात. माझ्या मते कोल्हापूरला मुक्काम करा. पहिल्या दिवशी पुणे ते कोल्हापूर, दुपारच्या आत पोचून बाळाला तीन-चार तास सपाट गादीवर लोळू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली करत दुपारच्या आत घाट उतरा. दुपारनंतर आंबोलीच्या धबधब्याशी दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहतात आणि घाटातच अडकायला होतं.

थांबे किलोमीटरवर ठरवू नका. दीड-दोन तास झाले की थांबायचं, बाळ झोपलेलं असलं तरी. हे शेवटचं पालकांना पटत नाही. "आत्ताच डोळा लागलाय, अजून थोडं जाऊ" असं म्हणत तीन तास होतात. सलग दोन तासांपेक्षा जास्त वेळ त्या अर्धवट बसलेल्या स्थितीत बाळाला ठेवायचं नाही. शिरवळला, म्हणजे खंबाटकी चढायच्या आधी, पहिला थांबा, सातारा ओलांडल्यावर दुसरा, कराडजवळ तिसरा, असं साधारण जमतं. प्रत्येक थांब्यावर बाळाला पूर्ण बाहेर काढा, चटईवर पाठीवर झोपवून हातपाय हलवू द्या, डायपर बदला, अंगावर पाजा. डायपर कोरडा वाटला तरी बदला. तीन-चार तास तसाच राहिला तर सीटच्या उबेत मांड्या लाल होतात. झिंक ऑक्साइडचं मलम आधीच लावून ठेवलं तर फार बरं. अंगावर पाजायला हायवेवरच्या हॉटेलांत कोपऱ्यातली बाकं शोधण्यापेक्षा आपली मागची सीटच बरी पडते, गाडी उभी करून, काचेला पडदा लावून. मोठ्या एसटी स्थानकांत हिरकणी कक्षही असतात.

पाजणं आणि भरवणं, दोन्ही गाडी थांबलेली असतानाच. पाजायला बाळाला पट्ट्यातून काढावं लागतं, आणि चालत्या गाडीत घास भरवला तर खड्ड्यात तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. तुम्ही मागे असलात तरी पट्ट्यात बांधलेल्या बाळाला पटकन पालथं करून पाठीत थोपटणं जमत नाही.

खायला काय न्यायचं ह्यावर आया फार ताण घेतात. ह्या वयाला अंगावरच्या दुधाबरोबर दिवसातून दोन-तीन वेळा वरचं खाणं पुरतं. प्रवासात एखादा घास कमी गेला तर काही बिघडत नाही, दूध मात्र दोन घोट जास्त पाजा. घरातून निघताना एक वेळचा मऊ वरणभात किंवा मुगाची खिमट गरम थर्मासमध्ये घ्या आणि ती तीन-चार तासांत संपवा, उरलेली टाकून द्या. दुसऱ्या वेळेला वेलची केळं. त्याइतकी स्वच्छ, सीलबंद आणि स्वस्त वस्तू कुठल्याही कंपनीने अजून बनवलेली नाही. नाचणीचं सत्त्व कोरडं नेलं तर कोल्हापूरला खोलीवर शिजवता येतं. नवीन पदार्थ प्रवासात पहिल्यांदा देऊ नका, पोट बिघडलं तर कशाने हे कळत नाही. पाणी उकळून गार केलेलं, घरचंच, वाटी-चमच्याने. बाटली टाळलेली बरी, रस्त्यात ती नीट उकळता येत नाही. पावडरचं दूध देत असाल तर पावडर कोरडी डब्यात आणि गरम पाणी थर्मासमध्ये वेगळं न्या, लागेल तेव्हाच मिसळा, आणि मिसळलेलं दोन तासांच्या आत संपलं नाही तर ओतून टाका.

गाडीतल्या हवेबद्दल एकच. एसी 24-26 वर ठेवा, झोत बाळाच्या अंगावर येऊ देऊ नका, उन्हाच्या बाजूच्या काचेला जाळीचा पडदा लावा. आणि "दोन मिनिटांत चहा घेऊन येतो" म्हणून बाळाला बंद गाडीत एकटं कधीही सोडू नका, झोपलेलं असलं तरी. बाहेर 35 अंश असताना उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात पन्नाशी ओलांडते. सीटचं लोखंडी बकलही तापून चटका देतं, बसवण्याआधी हात लावून बघा.

घाटाची भीती बऱ्याच जणींना असते. दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी लागणं तसं कमीच असतं, त्याहून मोठ्या मुलांनाच जास्त लागते. तिला त्रास झालाच तर कानाचा होईल. आंबोली समुद्रसपाटीपासून जवळपास 690 मीटरवर आहे आणि दाणोलीकडे उतरताना ती उंची थोड्याच वेळात संपते. कानात दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, बाळाला ते सुचत नाही. म्हणून आंबोली गावात थांबा, पाजा, ढेकर काढा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या आणि मग सावकाश उतरा. उतरताना रडली तर घाबरू नका, रडताना गिळलं जातं आणि कान आपोआप मोकळे होतात. सर्दी असेल तर निघण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला.

औषधांच्या बाबतीत माझं एक कळकळीचं सांगणं आहे. प्रवासात शांत राहावं म्हणून बाळाला कुठलंही गुंगीचं औषध देऊ नका. केमिस्टकडे सहज मिळणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली द्यायचंच नसतं, त्याने श्वास मंदावून जीव गेल्याची उदाहरणं आहेत. सर्दीच्या सिरपांनी झोप येते म्हणून ती देणंही तितकंच धोक्याचं. जुन्या काळी रडक्या बाळाला अफूची बाळगोळी देत, त्याच विचाराची ही नवी रूपं आहेत.

बरोबर पॅरासिटामॉल ठेवा, पण बाटलीवरचा आकडा वाचायला शिका. मात्रा वजनावर असते, किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोला 120, आणि दोन मात्रांमध्ये सहा तास. आता ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम असतात, म्हणून साधारण 1.2 मिलिलिटर. सिरपमध्ये बऱ्याचदा पाच मिलिलिटरला 120 किंवा 125, म्हणजे पूर्ण एक चमचा; काही सिरपांत मात्र 240-250 असतात, तेव्हा अर्धाच. ड्रॉप्स संपले म्हणून सिरप आणलं आणि तेच 1.2 दिलं तर ताप उतरणार नाही. उलट झालं, सिरपच्या सवयीने ड्रॉप्स चमचाभर दिले, तर मात्रा चौपट-पाचपट. दोन्ही प्रकार माझ्या टेबलावर आलेले आहेत. तुमच्या डॉक्टरांकडून तिच्या आजच्या वजनाची मात्रा आणि बाटलीचं नाव एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच रबरबँडने बांधा. ओआरएसची पाकिटं दोन-तीन घ्या, डब्ल्यूएचओ सूत्राची. फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. लसीकरणाचं कार्डही बरोबर असू द्या.

निघायच्या दिवशी ताप, जुलाब किंवा दम असेल तर प्रवास पुढे ढकला, गणपती असले तरी. लस नुकतीच दिली असेल तर दोन-तीन दिवस जाऊ द्या. वाटेत किंवा गावी श्वास जोरात चालला आहे असं वाटलं तर ती शांत असताना मिनिटभरात छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. ह्या वयाला मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त म्हणजे डॉक्टर हवा. सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली, हिरवी उलटी झाली, किंवा उठवूनही नीट जागी होत नाही, तर वाट बघू नका. 108 ला फोन करा. हायवेवर अडचण आली तर 1033. सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे, ओरोसला जिल्ह्याचं. गावाजवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर सासूबाईंकडून आत्ताच मागून घ्या. नातीसाठी डॉक्टर शोधून ठेवायचं काम त्या आनंदाने करतील.

आता पोचल्यानंतरचं, आणि माझ्या अनुभवात ह्यावरच घराघरांत रुसवे होतात. साडेसात महिने म्हणजे नेमकं ते वय, जेव्हा बाळाला ओळखीचा आणि परका चेहरा वेगळा कळायला लागतो. सासूबाई दारात भाकरतुकडा ओवाळतील, डोळ्यांना पाणी लावतील, हात पुढे करतील, आणि बाळ तोंड वळवून मोठ्याने रडेल. साडेसात महिने वाट बघितलेल्या आजीला ते फार लागतं. "माका ओळखूक नाय" असं म्हणून ती हसते, पण आत जाऊन बसते. म्हणून त्यांना आधीच फोनवर सांगा की ती रडणार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि ते बुद्धी नीट वाढत असल्याचं लक्षण आहे. आतापासून रोज व्हिडिओ कॉल करा, त्यात आजीने एकच गाणं म्हणावं, रोज तेच. पोचल्यावर बाळ तुमच्या कडेवर राहू दे. आजी शेजारी बसू दे, बाळाकडे न बघता तुमच्याशी बोलू दे, हातात एखादी वाटी-चमचा वाजवत. बाळ स्वतःच वाटीकडे हात नेईल. मग तेच गाणं. बहुतेक बाळं तासा-दोन तासांत जातात, काहींना दुसरा दिवस लागतो.

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी बाळाला उभ्याने घेऊ नये. ओटीवर पाठ टेकून बसले की त्यांच्या मांडीवर द्या.

घरात काही गोष्टी गोडीने सांभाळाव्या लागतील. मध चाटवू देऊ नका, घुटीतूनही नाही. वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझमचा धोका असतो, स्नायू लुळे पडतात. काजळ डोळ्यांत नको, दृष्टीचा टिळा लावायचाच तर तळपायाला लावा. तेलाची मालीश आजीला करू द्या, ती तुमच्यापेक्षा छान करेल. ओव्याची धुरी मात्र बाळाच्या खोलीत नको, त्या धुराने छोट्या फुप्फुसांना त्रास होतो. विहिरीचं पाणी उकळून. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आपण जाण्याआधी त्यांनी थुंकी तपासून घ्यावी, हे नवऱ्याने सांगितलेलं बरं. गणपतीला येणारे-जाणारे खूप, प्रत्येकजण गालाचा मुका घेणार. "आधी हात धुवा, आणि पायाला पापी घ्या" हे वाक्य आजीच्या तोंडून आलं तर कोणी रागावत नाही, तेव्हा ते तिच्यावरच सोपवा. फटाके आणि भजनाचा लाउडस्पीकर सुरू झाला की बाळाला मागच्या खोलीत न्या.

रात्री मच्छरदाणी लावा, कडा गादीखाली खोचून. पावसाळ्यात जुन्या कौलारू घरात विंचू निघतात. ती आता सरपटायला लागली असेल, त्यामुळे जमिनीवर सोडण्याआधी चटई झटका, कोपऱ्यातली लाकडं आणि चपला बाजूला करा. लाल विंचू चावलेल्या रुग्णांसाठी प्राझोसिन हे साधं औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वापरात आणलं आणि असंख्य जीव वाचवले. बाळाला चावल्याची शंका आली तर घरगुती उपाय न करता सरळ रुग्णालय गाठा.

परतताना गाडीत नारळ, तांदळाचं पीठ, कोकमं, लोणच्याच्या बरण्या भरल्या जातील. काहीही मागच्या काचेजवळच्या फळीवर किंवा बाळाच्या शेजारी सुटं ठेवू नका. ब्रेक लागला की सुटा नारळ गोट्यासारखा सुटतो. पोत्यात घालून, तोंड बांधून, डिकीत तळाशी. त्या दिवशी सासूबाई शेवटपर्यंत बाळाला कडेवरून सोडणार नाहीत. घाई करू नका, अर्धा तास उशिरा निघा. मग तिला सीटमध्ये ठेवा, दोन्ही खांद्यांवरची चिमूट बघा, आणि त्यानंतरच नवऱ्याला गाडी सुरू करायला सांगा.